दोन नवम्या

त्या पायरीवर शहाण्या माणसानं बसू नये, हे धार गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यामुळे मुंज तलावाच्या घाटावर, खालून तिसऱ्या पायरीवर, एक तरुण माणूस पाण्यात पाय सोडून मजेत शिंगाडे सोलून खातोय हे पाहिलं, तेव्हा मी ओळखलं... हा बाहेरगावचा तरी आहे, नाहीतर खुळा तरी.

"अहो, तिथून उठा!"

त्यानं वर पाहिलं. रिमझिम चालू होती, आणि छत्री जवळ असून त्यानं ती मिटून शेजारी ठेवली होती. म्हणजे खुळाच.

"का? ही पायरी आपली आहे का?"

"माझी असती तर दुसऱ्याला बसूच दिलं नसतं. तिथं बाई मेली होती."

"माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "मालन. शके अठराशे पंधरा, अविधवा नवमी. म्हणूनच बसलोय."

मी फुलांची परडी खाली ठेवली. ते नाव धारेत कुणी मोठ्यानं घेत नसे. गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. लागोपाठ तीन वर्षं, पितृपंधरवड्यातल्या नवमीच्या रात्री, या घाटावर एकेक सवाष्ण मेलेली सापडली. गळ्यावर बोटांचे वळ. आणि कपाळावर ताजं कुंकू, पदरात खण, नारळ, तांदूळ. मारणाऱ्यानं मारून झाल्यावर नीट बसून ओटी भरली होती. तिसरी ती मालन. तिच्यानंतर खून थांबले आणि खुनी काही सापडला नाही.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"श्रीपाद. देवासचा. इथल्या कचेरीत जुन्या दप्तराला वाळवी लागलीय, ते उपसून नकला करायला मला आणलंय. काल हेच प्रकरण हाती आलं. आणि आपण?"

"मी फुलं न्यायला आलेय. आज पितृपंधरवड्याचा पहिला दिवस. आमच्या माळव्यात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा काढतात, तिला गुलबास लागतो."

"संजा तर लहान मुली काढतात ना?"

"लग्न होईपर्यंत काढतात," मी ठसक्यात म्हटलं. अठराव्या वर्षी हे वाक्य बोलायला फार ठसका लागतो. "मग? सापडला का खुनी तुमच्या वाळवीत?"

"नाही हो. एका मास्तरांवर संशय होता. एक महिना कोठडीत ठेवून पुराव्याअभावी सोडलं. कृष्णराव मास्तर. ओळखता त्यांना?"

"थोडंफार. रोज दोन वेळा माझ्या हातचं जेवतात. मी त्यांची मुलगी, विद्युल्लता."

त्याच्या हातातला शिंगाडा पाण्यात पडला. तो गडबडीनं उठला, छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत राहिला. मला हसू आलं. घराबाहेर मला हसू आल्याला बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात तो जिथून उठला त्या दगडाकडे माझं लक्ष गेलं. पायरीच्या कडेला कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं. ओलं, लालभडक.

"हे... तुम्ही ओढलंत?"

"मी? मला वाटलं, तुमच्याकडची काही रीत असेल."

आम्ही दोघं त्या बोटाकडे पाहत राहिलो. पाऊस त्यावर पडत होता आणि ते अजून पसरलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी आमच्या थोडंच आधी तिथे येऊन गेलं होतं. घाटावर तर चिटपाखरू नव्हतं.

मी परडी तिथेच टाकून घरी पळाले.

परडी तिसऱ्या दिवशी घरी आली. श्रीपादरावांच्या हातात ती अशी काही दिसत होती की माझ्या जागी कुणीही हसलं असतं. आत गुलबासही होता, अगदी ताजा.

"फुलं तुम्ही तोडलीत?"

"संजा उपाशी राहू नये म्हणून," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

ओट्यावर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सोळा वर्षं ते तसेच बसलेले असत... भिंतीला पाठ, नजर अंगणात. शाळा सुटली, शिकवण्या सुटल्या, लोकांचं येणंजाणं सुटलं. लोक म्हणत, मास्तरांना धरलं आणि खून थांबले, अजून कसला पुरावा पाहिजे? आमच्या घरापासून तलाव हाकेच्या अंतरावर. पण सुटून आल्यापासून अण्णा त्या दिशेला एकदाही गेले नव्हते. श्रीपादरावांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

मी पाणी दिलं. भांडं परत घेताना बोटाला बोट लागलं... आणि आम्ही दोघांनीही ते भांडं इतक्या घट्ट धरलं की कुणाच्या हातात राहिलं हेच कळेना.

"एक विचारू?" ते हळूच म्हणाले. "तुम्हाला वाटतं का कधी... म्हणजे अण्णांनी..."

"नाही!" मी भांडं ओढून घेतलं. "आणि पुन्हा विचाराल तर याच भांड्यातलं पाणी अंगावर येईल. नवमीला येऊन बघा म्हणजे कळेल, काय भोगतोय आम्ही."

मग राहवलं नाही, सगळं सांगितलं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीला, आणि त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरायची. पण नवमीला आमच्या घरी ओटी भरून घ्यायला धारेतली कोणती सवाष्ण येणार? मी दारोदार आमंत्रण देऊन येई. कुणी कडी काढत नसे. सहा वर्षं आईचं ते पान गाईसमोर जात होतं.

"अण्णा ते पान उचलतात ना, तेव्हा त्यांचे हात बघवत नाहीत," मी म्हणाले. आणि नको त्या माणसासमोर मला रडू आलं.

श्रीपादरावांनी परडीतला एक गुलबास उचलून भांड्याच्या काठावर ठेवला आणि निघून गेले. ते फूल सुकेपर्यंत मी कुणाला हात लावू दिला नाही. लावायला होतंच कोण म्हणा.

पंचमीच्या संध्याकाळी ते घाटावर वाट पाहत उभे होते. आम्ही भेटायचं ठरवलं नव्हतं. मी फक्त वेणी दोनदा घातली होती, एवढंच.

"आज पायरीवर बसला नाहीत?"

"एकट्याला धीर होईना," ते म्हणाले. "दोघं असतो तर..."

"तर काय?"

"तर दोघंही घाबरलो असतो."

हसता हसता त्यांनी बंडीतून एक कागद काढला. अण्णांना ज्या जबानीवरून धरलं होतं, तिची नक्कल. तलावात शिंगाडे लावणाऱ्या भेरू कहाराची जबानी. ती दिली आणि कचेरीच्या धास्तीनं भेरू धरमपुरीला सासुरवाडीला पळाला, तिथे नर्मदेवर नाव चालवत राहिला. दोन वर्षांखालीच तो परत आला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा ती जबानी वाचत होते. भाद्रपद वद्य नवमी, दिवेलागणीची वेळ. मी वेली पाहण्यास पाण्यात होतो. वेलींस पांढरी फुले आली होती, फळ धरले नव्हते. मास्तर एकटेच तिसऱ्या पायरीवर बसलेले दिसले...

मी पुन्हा वाचलं. समोर तलावभर शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या.

"श्रीपादराव, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही काय खात होता?"

"शिंगाडे. का? पाहिजेत का?"

"तो कोणता पंधरवडा होता?"

"हाच की. पितृपंधर..." ते थांबले.

"पितृपंधरवड्यात शिंगाडा बाजारात येतो," मी म्हणाले. "फुलं महिनाभर आधी असतात. नवमीला फळ धरलं नव्हतं, असं भेरू कसं सांगेल? त्याचा तर जन्म या पाण्यात गेला."

भेरू पाण्यातच होता. दोन उलटे घडे बांधून त्यावर बसून तो शिंगाडे तोडत होता. श्रीपादरावांनी हाक मारली, "भेरू भिया, जरा इकडे या हो!"

तो काठाला लागला. माझं पूर्ण नाव त्याच्या जिभेला पेलत नसे, म्हणून तो मला बिजली बेन म्हणे.

"भेरू भिया, तुम्ही अण्णांना घाटावर पाहिलं, ती नवमी कोणती होती?"

"भादवा बदी नवमी, बिजली बेन. म्हारे पक्की याद है. जन्माष्टमी का दूसरा दिन थो. मास्तरसाब माटी का किसनजी सिराने आया था."

धारेत एकाच बोळात दोन पंचांगं चालतात. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, माळवी लोकांचा पौर्णिमेला. म्हणून प्रत्येक वद्य पक्षात त्यांचा महिना आमच्या एक पाऊल पुढे. जन्माष्टमी आमच्या श्रावणात, त्यांच्या भादव्यात. भेरूनं आपल्या मोजणीनं खरं तेच सांगितलं होतं. लिहिणाऱ्या मराठी कारकुनानं ते आपल्या मोजणीत बदललं नाही, तसंच कागदावर उतरवलं. आणि कृष्णाची मूर्ती पाण्यात शिरवायला गेलेले अण्णा कागदावर महिनाभर पुढे सरकले... थेट मालनच्या मरणाच्या दिवशी.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" मी ओरडले.

"म्हारे से कुण ने पूछ्यो, बेन? उनने लिख्यो, म्हने अंगूठो दियो." भेरूचा चेहरा पडला. "म्हारा लिखा से मास्तरसाब पे आई थी कंई?"

मी कागद उलटला. "कोण हा शहाणा कारकून? माळव्यात राहून एवढंही कळू नये? नाव काय त्याचं?"

श्रीपादरावांच्या हातातली छत्री वाऱ्यानं हलत होती, आणि ते ती सावरत नव्हते.

"गोपाळराव," ते म्हणाले. "तेव्हा ते पुण्याकडून नुकतेच आले होते. पुढे देवासला नोकरी लागली. अजूनही कधीमधी सांगतात, धारेत मी खुनी पकडून दिला होता... विद्युल्लताबाई, ते माझे वडील."

तलावावर अंधारून आलं होतं. कुठल्यातरी अंगणातून मुलींची संजेची गाणी ऐकू येत होती. मला त्या माणसाला ढकलून द्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याचा भिजलेला खांदा पुसावासा वाटला. दोन्हीपैकी काहीच करता येईना.

"हे नाव तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो. मला वाटायचं, नानांनी बरोबरच लिहिलं असणार. म्हणून तर त्या दिवशी तुम्हाला तसं विचारलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मूळ कागद मी आता वाळवीला दिला तरी कुणाला कळणार नाही. पण नक्कल तुमच्या हाती दिली ती यासाठी, की चूक निघालीच तर मला तसं करताच येऊ नये."

"मग देवासला जा," मी म्हणाले. "तुमच्या नानांकडून लिहून आणा की चूक त्यांची होती. त्यांच्या सहीशिवाय मला तोंड दाखवू नका."

"आणि सही घेऊन आलो तर?"

"तर..." माझा सगळा ठसका कुठे गेला कोण जाणे. "तर बघू."

ते गेले. देवासला जायचं तर दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. षष्ठी गेली, सप्तमी गेली. अष्टमीला मी भिंतीवर आठ पाकळ्यांचं फूल काढलं आणि प्रत्येक पाकळीला विचारलं, येतील की नाही? शेणाचं फूल कसलं उत्तर देतंय! अण्णांना मी काहीच सांगितलं नव्हतं. खोटी आशा त्यांना झेपली नसती. आणि खरं सांगू? सही आली नाही तरी चालेल, माणूस येऊ दे, असं अष्टमीच्या संध्याकाळी माझ्या मनात आलं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

नवमी उजाडली. त्या दिवशी धार वेगळीच असते. बायका पाणी भरायला तलावावर जात नाहीत, दारं दुपारीच लागतात, सवाष्णी ओटीचं सामान पदराखाली झाकून नेतात. मी सकाळी सात घरी आमंत्रण देऊन आले. सात कड्या आतून लागल्या.

स्वयंपाक झाला. पाट मांडला, रांगोळी काढली, पान वाढलं. रिकाम्या पाटासमोर अण्णा हात जोडून उभे राहिले. मग नेहमीप्रमाणे ते पान उचलायला वाकले... आणि दारात दमणी थांबली. छपराची, बैलांची, चाकांपर्यंत चिखलानं माखलेली.

आधी श्रीपादराव उतरले. त्यांचे डोळे जागरणानं तांबारले होते. मग त्यांनी हात देऊन एका म्हाताऱ्या गृहस्थांना उतरवलं, आणि त्यांच्यामागून एक बाई उतरल्या. ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा, अंगावर प्रवासाची धूळ.

गृहस्थ उंबऱ्याबाहेरच थांबले. पगडी काढून त्यांनी हातात घेतली.

"मास्तर, मी गोपाळराव. तुमच्यावरची जबानी मी लिहिली होती. ती नवमी तुमची नव्हती. मी चुकलो. सोळा वर्षं मी त्या चुकीची फुशारकी मारत हिंडलो. मुलगा सही मागायला आला होता. मी म्हटलं, सहीवर कसं भागेल? आत्ताच कचेरीत लिहून देऊन आलोय, खाली माझं नाव घालून. आता तुम्ही काय म्हणाल ते ऐकायला आलोय."

अण्णांच्या हातात आईचं पान तसंच होतं.

मग त्या बाई पुढे झाल्या. नवऱ्याला ओलांडून, मुलाला बाजूला सारून त्या सरळ आत आल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मुली, पाय धुवायला पाणी दे. पान सवाष्णीचंच आहे ना? मग ते उचलायची एवढी घाई का?"

आणि त्या पाटावर बसल्या.

अण्णांनी पान खाली ठेवलं. ते आतल्या खोलीत गेले आणि तिथून सोळा वर्षांचा हुंदका आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मी वाढत होते आणि वरणात माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. श्रीपादरावांच्या आई सीताबाईंनी ते वरण तसंच भाताबरोबर खाल्लं. मी त्यांची ओटी भरली. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या श्रीपादानं चार दिवसांत तुझं नाव इतक्यांदा घेतलं, की मला वाटलं, एवढं लांब नाव आहे तरी त्याची जीभ दमत कशी नाही!"

दारातून कुणीतरी खोकलं. कुणी ते मी बघितलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा अण्णांनी खुंटीवरचं उपरणं घेतलं. "चला गोपाळराव," ते म्हणाले. "तलावाकडे पाय मोकळे करून येऊ."

त्या दिवशी, त्या वेळी तलावाकडे जाणारे आम्ही पाचच. बंद दारांच्या फटींतून लोक पाहत होते आणि अण्णा ताठ मानेनं चालत होते. घाट दुपारच्या उन्हानं वाळला होता. वेलींखाली पाणी हलत नव्हतं. श्रीपादराव माझ्या शेजारी होते, एक हात अंतर राखून. ते अंतर मोजायला मला फार आवडत होतं.

तिसऱ्या पायरीशी आल्यावर सगळे थबकले.

पायरीवर खण घडी करून ठेवला होता. त्यावर नारळ, मूठभर तांदूळ. दगडावर कुंकवाचं बोट ओढलेलं, ओलं. जवळ कुणी नव्हतं, आणि पाण्यापर्यंत गेलेल्या ओल्या पावलांच्या खुणा आमच्या डोळ्यांदेखत सुकत चालल्या होत्या.

"मास्तर," गोपाळराव म्हणाले, "दुपारपासून तुम्ही माझ्यासमोर आहात."

अण्णांनी फक्त मान हलवली. एवढी निश्चिंत मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मला मात्र थंडी भरली होती. म्हणजे तो, किंवा ती, जे कोणी होतं ते अजून या गावात होतं. ओटी भरत होतं. सवाष्ण शोधत होतं का?

एक हाताचं अंतर संपलं. श्रीपादरावांनी माझा हात धरला, सगळ्यांसमोर, घट्ट.

"बघू म्हणाला होतात," ते कुजबुजले. "बघितलंत?"

"भलत्या वेळी विचारता हो..."

"मला भीती वाटतेय. भीती वाटली की माणूस खरं बोलतो. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे. पण तुम्हाला कुंकू लावायचं म्हणजे... याच गावातली सवाष्ण करायचं, आणि ते कोण आहे हे कुणालाच ठाऊक नाही."

"मग देवासला न्या," मी म्हणाले. "तिथे टेकडी आहे, देवी आहे. आणि तुमच्या आई आहेत. त्यांना पाहून कोणताही खुनी पळेल."

मागून सीताबाईंनी ऐकलं असावं. त्या हसल्या. तिन्हीसांजेच्या त्या तलावावर ते हसू बराच वेळ घुमलं.

कार्तिकात माझं लग्न झालं. संजा सुटली. अण्णांच्या ओट्यावर पुन्हा मुलं शिकायला येऊ लागली. मालनला कुणी मारलं, ते आजतागायत कळलं नाही. भेरू सांगतो, पायरीवर अजूनही दरसाल ओटी दिसते.

देवासच्या आमच्या घरात भिंतीवर दोन पंचांगं आहेत, एक मराठी, एक माळवी. वर्षातून दोन दिवस श्रीपादराव कचेरीत जात नाहीत. सकाळपासून माझ्या मागे मागे फिरतात, विहिरीवर येतात, चुलीपाशी पाट टाकून बसतात, आणि अंधार पडला की आधी दाराची कडी लावतात. मी चिडवते, "अहो, नवमी तर एकच होती ना?"

"असेल," ते म्हणतात. "आमच्या घराण्याचा हिशेब एकदा चुकलाय. मी दोन्ही धरतो."